आधी चोविसावी चौकट वाच

सिल्व्हर स्प्रिंग, मेरीलँड
२३ नोव्हेंबर २०२५

चि. …,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकी सरकारने तुला दिलेल्या कपातीच्या नोटिशीचे फोटो मिळाले. सोबतचा तुझा निरोपही मिळाला. "मावशी, नोटीस मागे घेतली, थकलेला पगार जमा झाला, तरी झोप लागत नाही. राहू की सोडू?" हे फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू 'हो, हो' म्हणतोस आणि तेवढ्यात दुसरं काहीतरी वाचत असतोस. लिहिलेलं तरी पुरतं वाचशील.

तू काही पुरतं वाचत नाहीस, हीच माझी तक्रार आहे. त्या नोटिशीच्या दुसऱ्या पानावर तुझा टेन्युअर गट, म्हणजे नोकरी किती पक्की ते सांगणारा आकडा, 'दोन' असा छापलाय. पाहिलास? नसणारच. पहिल्या परिच्छेदात 'आपलं पद रद्द करण्यात येत आहे' हे वाक्य आलं आणि तू तिथेच थांबलास. सगळे तिथेच थांबतात. मला मात्र तुझ्या नेमणुकीचा महिना पक्का आठवतो, कारण तुझ्या आईने त्या उन्हाळ्यात अख्ख्या मंडळाला पेढे वाटले होते. जून २०२२. सलग तीन वर्षं २०२५ च्या जूनमध्ये भरली. म्हणजे ऑक्टोबरमध्ये नोटीस निघाली तेव्हा तू 'करिअर-कंडिशनल', म्हणजे सशर्त, राहिलाच नव्हतास, 'करिअर', म्हणजे कायम, झाला होतास. गट एक. कुणीतरी जुन्या नोंदीवरून दोन छापून मोकळं झालं आणि तू इतके दिवस त्या दोनावर रडत बसलास.

तेव्हा 'राहू की सोडू' नंतर. आधी तुझ्या एसएफ-५० वरची, म्हणजे नेमणुकीची नोंद असलेल्या सरकारी कागदावरची, चोविसावी चौकट वाच. तिथे १ आहे की २, ते मला कळव.

तू म्हणशील, सगळं सरकार उलटंपालटं झालंय आणि मावशी चौकटीत अडकलीय. हो, अडकलेय. तीस वर्षं याच सरकारात काढली, बजेट मंजूर न झाल्याने सरकार बंद पडण्याच्या चार मोठ्या टाळेबंद्या पाहिल्या, तीन आतून आणि ही चौथी निवृत्त होऊन बाहेरून. त्यातून मला एवढंच पटलंय की 'सरकारी नोकर' असा कुणी नसतोच. असतो तो कुठल्या तरी एका प्रकारचा नोकर, आणि संकट आलं की तो प्रकारच काय ते ठरवतो. हुशारी नाही, मेहनत नाही, साहेबाशी असलेले संबंध तर नाहीतच.

तुझ्याच मजल्यावर बघ. या टाळेबंदीत तू ४३ दिवस घरी बसलास. तुझ्या पलीकडच्या खोलीतला सुरक्षा यंत्रणा सांभाळणारा माणूस 'एक्सेप्टेड', म्हणजे ज्याचं काम थांबवता येत नाही असा, ठरला, म्हणून तो ४३ दिवस रोज आला, बिनपगारी. दारावरचा गार्ड खासगी कंपनीचा. तो काही दिवस आला, मग त्याला नको सांगितलं. आणि फी घेऊन चालणारी कार्यालयं, म्हणजे इमिग्रेशनचे अर्ज तपासणारे किंवा टपाल खातं, तिथे पगार सुरूच राहिले, कारण त्यांचा पैसा काँग्रेसच्या वार्षिक मंजुरीवर अवलंबून नसतो. एकाच पंगतीत बसवून प्रत्येकाच्या पानात वेगळं वाढायचं, असा हा पंक्तिप्रपंच आहे. आणि वाढणारे खासदार? त्यांचा पगार कधी थांबत नाही. असो, त्यावर लिहायला लागले तर हे पत्र आज संपणार नाही.

हे असं नेहमीच नव्हतं, हे तुझ्या पिढीला सांगावं लागतं. १९८० पर्यंत बजेट रखडलं तरी कार्यालयं उघडी असायची, पुढे मंजुरी मिळेल या भरवशावर. त्या वर्षी आणि १९८१ च्या जानेवारीत ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी एकोणिसाव्या शतकातल्या ॲन्टीडेफिशियन्सी कायद्याचा अर्थ सक्तीने लावला. मंजुरी नाही तर खर्च नाही, खर्च नाही तर काम नाही, अपवाद फक्त जीव आणि मालमत्ता वाचवणाऱ्या कामांचा. तुझा फर्लो, म्हणजे सक्तीची बिनपगारी रजा, आणि त्या शेजाऱ्याची बिनपगारी हजेरी, दोन्ही त्याच एका अर्थातून निघतात.

१९९५ च्या डिसेंबरात आम्ही घरी बसलो तेव्हा पुढे पगार मिळेल असा कुठलाही कायदा नव्हता. काँग्रेसने मेहरबानी केली तर मिळेल, एवढंच. मिळाला. एकवीस दिवसांनी सरकार उघडलं आणि त्याच दिवसांत इतका बर्फ पडला की उघडलेलं सरकार परत बंद. २०१३ मध्ये सोळा दिवस. २०१८-१९ मध्ये पस्तीस. त्या वेळी जानेवारीत कायदा झाला की यापुढे टाळेबंदी संपली की थकलेला पगार द्यायचाच, घरी बसलेल्यालाही आणि बिनपगारी राबलेल्यालाही. या ऑक्टोबरात व्हाइट हाउसच्या बजेट कार्यालयाने तो कायदा आपोआप लागू होत नाही असा नवाच अर्थ काढला, आणि तू रात्री अकरा वाजता मला फोन केलास. तेव्हा मी काय विचारलं होतं? कायद्याचं ते कलम तू स्वतः वाचलंस का? नव्हतं वाचलंस. बातमीचा मथळा वाचला होतास. शेवटी १२ नोव्हेंबरच्या कायद्यात पगाराची हमी पुन्हा स्पष्ट लिहिली, म्हणून वाद मिटला.

दिवाळीच्या कार्यक्रमात तो कोण गृहस्थ तुला म्हणाला ना, "मजा आहे बुवा, फुकट पगार"? तेव्हा मी पलीकडे उभी होते आणि गप्प बसले, कारण त्याच्या बायकोने केलेली करंजी तोंडात होती. आता सांगते. २४ ऑक्टोबरला पहिला पूर्ण पगार चुकला. तुझं घरभाडं १ तारखेला होतं. नंतर मिळणाऱ्या पगारावर घरमालक थांबत नाही. बेकारभत्त्याचा अर्ज केलास तोही चुकीच्या ठिकाणी. राहतोस व्हर्जिनियात, पण केंद्रीय कर्मचाऱ्याने अर्ज करायचा तो ऑफिस जिथे आहे तिथे, म्हणजे तुझ्या बाबतीत डीसीत. हे तुला तिसऱ्या आठवड्यात कळलं. जे थोडे पैसे आले ते आता पगार मिळाल्यामुळे परत करायचे आहेत. केलेस का? त्या पत्रावर मुदत असते, तीही वाच. तुझ्या त्या 'एक्सेप्टेड' शेजाऱ्याला तर बहुतेक ठिकाणी अर्जच करता येत नाही, कारण कागदोपत्री तो पूर्णवेळ कामावर आहे. खिशात दमडी नाही, पण बेकारही नाही. विमानतळांवरचे कंट्रोलर असेच राबले आणि शेवटी ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं कमी करायची पाळी आली.

फर्लोचाही एकच प्रकार नसतो. २०१३ मध्ये टाळेबंदीच्या आधी सिक्वेस्टर झाला, खर्चाला सरसकट कात्री. संरक्षण खात्याच्या मुलकी कर्मचाऱ्यांना आधी बावीस दिवसांचा फर्लो सांगितला, मग अकरा, शेवटी सहा दिवसांवर भागलं. त्या सहा दिवसांचा पगार परत मिळाला नाही, कारण तो फर्लो पैसा वाचवण्यासाठीच होता. कॅलिफोर्निया राज्याने २००९ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना महिन्याला आधी दोन, मग तीन दिवस बिनपगारी घरी बसवलं. ती सरळ पगारकपातच होती. राज्यांना बजेट जुळवावंच लागतं, वॉशिंग्टनसारखं कर्ज काढून चालत नाही. तेव्हा 'फर्लो' ऐकलास की आधी विचार, कुठला? मंजुरीअभावीचा की काटकसरीचा? पहिल्यात पैसे येतात, उशिरा. दुसऱ्यात गेले ते गेले. आणि काटकसरीचा फर्लो तीस दिवसांच्या पुढे गेला तर त्याला कपातीचे, म्हणजे रिफचे, सगळे नियम लागतात. म्हणून तो सहसा तीसच्या आत ठेवतात. सरकारलाही चौकट वाचता येते. वाचत नाही तो फक्त तू.

रागावू नकोस. रागावलास तरी पुढे वाच.

माझे वडील सोलापूरला पाटबंधारे खात्यात कारकून होते. उजनीचं काम चालू होतं त्या काळात. धरणावर हजारो मजूर मस्टरवर, म्हणजे रोजंदारीवर. कालेलकर कराराप्रमाणे अशा मजुराची सलग पाच वर्षं भरली की त्याला कायमच्या जवळ जाणारा दर्जा मिळायचा. पण 'सलग' हे सिद्ध कशावरून करायचं? मस्टरवरून. आणि मस्टर साहेबाच्या कपाटात. रात्री माणसं घरी यायची, ओट्यावर बसायची. "रावसाहेब, माझं एकाहत्तरचं मस्टर सापडंना झालंय." वडील म्हणायचे, ज्याचा कागद दुसऱ्याच्या कपाटात, त्याची नोकरीही दुसऱ्याच्या कपाटात. स्वतःच्या सेवापुस्तकाची नक्कल त्यांनी घरी, देवघराच्या खालच्या फळीवर ठेवली होती. आई कुरकुरायची. ७७-७८ चा चोपन्न दिवसांचा संप झाला, घरात पगार नाही, तेव्हाही मी त्यांना ते पुस्तक काढून बसलेलं पाहिलंय. नोंदी तपासत. मला तेव्हा ते विचित्र वाटायचं. आता मी त्यांच्यापेक्षा जास्त विचित्र झालेय, असं तुझ्या काकांचं मत आहे.

ती सवय मी इथे आणली, आणि तिच्यामुळे काय झालं ते तुला कधी सांगितलं नाही.

१९९४ च्या कायद्याने केंद्र सरकारची २,७२,९०० पदं कमी करायचं ठरलं. बरीच माणसं नोकरी सोडण्यासाठी २५,००० डॉलरपर्यंतचा बायआउट घेऊन स्वतःहून गेली. काही खाती मात्र उघड उघड कापली गेली. ब्युरो ऑफ माइन्स तर १९९६ मध्ये बंदच झाला. मी ज्या कार्यालयात होते (नाव लिहीत नाही, तूही तुझ्या ऑफिसचं कुठे लिहू नकोस) तिथेही यादी निघाली. यादी कशी लागते ठाऊक आहे ना? आधी टेन्युअर गट, मग माजी सैनिकांचा अग्रक्रम, मग सेवेची वर्षं, आणि त्या वर्षांत कामाच्या शेऱ्यांची जादा वर्षं मिळवलेली. यादीत माझी सेवा कमी धरली होती. कायम होण्याआधी मी एका केंद्रीय कार्यालयात हंगामी कारकून होते, ते महिने गायब. आस्थापनेवरची बाई म्हणाली, सिस्टिममध्ये दिसत नाहीत. मी म्हटलं, माझ्या पिशवीत दिसतात. आणि कागद टेबलावर ठेवला. ती म्हणाली, ठेवून जा, बघते. मी म्हटलं, प्रत घ्या, मूळ कागद मी नेणार. तारीख दुरुस्त झाली. मी यादीत वर सरकले.

मी वर सरकले म्हणजे कुणीतरी खाली गेलं. ती माझ्याच शेजारच्या टेबलावरची होती. रोज दुपारी आम्ही एकत्र जेवायचो. तिचीही कॉलेजात असताना उन्हाळ्यातली सरकारी नोकरी झाली होती, ते महिने धरले असते तर ती वाचली असती. पण तिचा कागद आईवडिलांच्या घरी, दुसऱ्या राज्यात, तळघरातल्या कुठल्याशा खोक्यात. मुदतीत सापडला नाही. जायच्या दिवशी ती सगळ्यांना भेटली, मला सोडून.

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मी तिची जागा घेतली नाही, माझी घेतली. नियम मी लिहिले नव्हते. मी कागद लपवून ठेवला असता तर तो कुठला मोठेपणा? दोन लहान मुलं होती घरात. तुझे काका म्हणतात, तुला अजून हे सगळं स्वतःला समजवावं लागतं म्हणजेच बघ. म्हणू देत. त्यांची टेलिकॉम कंपनी २००२ मध्ये बसली तेव्हा याच चौकटीतल्या '१' या आकड्यावर घराचे हप्ते गेले आणि चौघांचा आरोग्यविमाही. त्याआधी नव्व्याण्णव साली मला कॅलिफोर्नियात दुप्पट पगाराची नोकरी चालून आली होती. मी गेले नाही. पार्ट्यांमधून मला भित्री म्हणणारे लोक दोन वर्षांनी मला विचारायला आले, सरकारात अर्ज कसा करतात. मी सांगितलं. सगळ्यांना सांगितलं, आणि प्रत्येकाला आधी हेच सांगितलं की नेमणुकीच्या कागदावर टेन्युअर कुठलं आहे ते बघ. एकानेही बघितलं नाही.

हो, मनात राहून गेलं ते राहून गेलंच. मला शिकवायचं होतं. पीएचडीचा अर्ज दोनदा भरला आणि ठेवून दिला, कारण सेवेत खंड नको. आज कुणी विचारलं की खंड पडला असता तर काय बिघडलं असतं, तर माझ्याकडे उत्तर आहे, फक्त ते रोज वेगळं असतं. म्हणून मी तुला 'राहा' म्हणत नाहीये, नीट लक्षात घे. मी म्हणतेय, कुठे उभा आहेस ते बघ आणि मग पाऊल टाक.

आता हिशेब. चौकटीत २ असेल आणि तू गेलास, तर परत यायला तीन वर्षांची मुदत, त्यानंतर पुन्हा सगळ्यांबरोबर रांगेत. १ असेल, तर रीइन्स्टेटमेंटची, म्हणजे परत घेतलं जाण्याची, पात्रता आयुष्यभराची. दहा वर्षांनी, वीस वर्षांनी, स्पर्धेविना परत अर्ज करता येतो. एवढा फरक आहे त्या एका आकड्यात. कपातीत गेलास तर परत बोलावण्याच्या यादीवर गट एकचा माणूस दोन वर्षं राहतो, गट दोनचा एकच. कपातीत गेलास तर सेव्हरन्सही, म्हणजे नोकरी गेल्याची भरपाई, मिळतो, पहिल्या दहा वर्षांसाठी वर्षाला एका आठवड्याचा पगार. तुझा तीन आठवड्यांच्या थोडा वर, फार नाही. पण स्वतः राजीनामा दिलास तर तोही नाही, आणि बेकारभत्ताही बहुधा नाही. पेन्शनचा हक्क पाच वर्षांनी पक्का होतो, तुझी साडेतीनही झाली नाहीत. आणि ती कंत्राटदाराकडची आधीची वर्षं, जी तू अजून 'माझी सरकारातली सहा वर्षं' म्हणून मोजतोस, ती यातल्या कशातच धरत नाहीत. टेबल तेच, काम तेच, साहेब तोच, पण सरकारच्या लेखी तू त्या वर्षांत तिथे नव्हतासच.

एकतिसाव्या चौकटीतली तारीख पाहून खूश होऊ नकोस, ती रजेची आहे. कपातीसाठीची तारीख वेगळी काढतात. ती लेखी माग.

हेही सांगते, म्हणजे नंतर मावशीने फसवलं म्हणायला नको. चौकटीमुळे प्रत्येक नोकरी वाचतेच असं नाही. अख्खा विभागच बंद करायचा ठरवला, किंवा कपातीचं क्षेत्र इतकं छोटं आखलं की त्यात पाचच माणसं उरली, तर यादीत वर असून काय करणार? यंदा तेच झालंय बऱ्याच ठिकाणी. दाद मागायची ती केंद्रीय कर्मचाऱ्यांची अपिलं ऐकणाऱ्या मेरिट बोर्डाकडे, तीस दिवसांत. आणि त्या बोर्डाला २०२५ मध्ये कित्येक महिने कोरमच नव्हता. फेब्रुवारीत प्रोबेशनवरची हजारो माणसं एका साच्यातल्या पत्रांनी काढली. कारण काय, तर कामगिरी. ज्यांना आठवड्यापूर्वी उत्तम शेरा मिळाला होता त्यांनाही तेच पत्र. अण्वस्त्रांचं काम बघणाऱ्या खात्यात काढलेल्यांना दुसऱ्याच दिवशी परत बोलवायची धावपळ झाली. मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि मेरीलँडच्या न्यायाधीशांनी परत घ्यायला लावलं, एप्रिलमध्ये वरच्या कोर्टांनी त्याला स्थगिती दिली. आत, बाहेर, आत, बाहेर. प्रोबेशनवाल्याला मेरिट बोर्डाकडे जायचा हक्क जवळजवळ नसतोच. तुझ्याबरोबर लागलेला तो मुलगा आठव, जो २०२४ मध्ये बढतीसाठी दुसऱ्या खात्यात गेला आणि नव्याने प्रोबेशनवर आला. काय प्रकारची नेमणूक घेतोय ते त्याने विचारलं नव्हतं, पगार विचारला होता. पत्र आलं आणि काही तासांत त्याचा लॅपटॉप बंद. त्याची सगळी सेवानोंद त्या लॅपटॉपमधूनच उघडायची. एसएफ-५० ची एक प्रत घरी नव्हती.

तुझ्याकडे आहे?

आज रविवार आहे. उद्या सकाळी पोचलास की पहिलं काम ते. ई-ओपीएफ, म्हणजे तुझी ऑनलाइन सेवाफाइल, उघड, सगळे एसएफ-५० उतरव, शेवटचे तीन वार्षिक शेरे, पदाचं वर्णन, रजेचा आणि पगाराचा शेवटचा तक्ता. छापून घरी ने. तुझे स्वतःचे कागद आहेत, ऑफिसचे नाहीत, घाबरायचं कारण नाही. मग आस्थापनेला दोन ओळींची ईमेल कर. जून २०२५ मध्ये तीन वर्षं पूर्ण झाल्याने टेन्युअर बदलल्याची नोंद झाली आहे का, नसल्यास करावी. विनंतीच्या सुरात लिही, पण तारखेसकट. फोनवर विचारू नकोस. फोनची प्रत निघत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायाधीश इल्स्टन यांनी कपात अडवली, मग १२ नोव्हेंबरच्या कायद्याने १ ऑक्टोबरनंतरच्या नोटिसा मागे घेतल्या, पण पुढची बंदी ३० जानेवारी २०२६ पर्यंतचीच आहे. फेब्रुवारीत परत नोटीस आली आणि तीत परत 'दोन' छापलेलं असलं, तर मी तुझं रडगाणं ऐकणार नाही.

आता तुझ्या बायकोबद्दल. तू तुझ्या पगाराची कहाणी सांगत होतास तेव्हा ती गप्प होती, मी पाहत होते. तिचं काम तेच, सरकारी आकडेवारीचं, पण पगार कंत्राटदाराच्या कंपनीचा. आधी तिच्या रजा संपवल्या, मग बिनपगारी. तिला त्या दिवसांचं काही मिळणार नाही, कारण २०१९ चा कायदा फक्त सरकारच्या स्वतःच्या माणसांसाठी आहे. २०१९ पासून कंत्राटी कामगारांनाही भरपाई द्यायची विधेयकं येतात आणि जातात. तेव्हा आमच्या इमारतीत झाडलोट करणारी एल साल्वादोरची एक बाई होती. पस्तीस दिवसांनी आम्ही परतलो, आम्हाला सगळा पगार मिळाला, तिला काही नाही, आणि आमच्या पस्तीस दिवसांच्या धुळीवर फडका तिनेच फिरवला. म्हणून घरी तू 'आपण सुटलो' म्हणू नकोस. तू सुटलास.

तिला आरोग्यविम्यात तुझ्याबरोबर घे, सेल्फ प्लस वनमध्ये. ओपन सीझन, म्हणजे विमा बदलून घ्यायची मुदत, ८ डिसेंबरला संपतो. फर्लोत सरकारी विमा चालू राहतो, कंत्राटी नोकरीत तशी खात्री नाही. नंतर कपातीत गेलासच तर एकतीस दिवस विमा फुकट, पुढे दीड वर्ष पूर्ण हप्ता अधिक दोन टक्के स्वतः भरून. महाग पडतं, पण मिळतं.

आणि तिची ती मैत्रीण, नागपूरची, एच-१बी वरची. तिला कंपनीने 'मी स्वतःहून बिनपगारी रजा मागत आहे' अशा पत्रावर सही करायला सांगितलं म्हणतोस. केली का तिने? नसेल केली तर आजच फोन करून सांग, करू नको म्हणून. एच-१बी वरच्या माणसाला काम नाही म्हणून बिनपगारी बसवता येत नाही, कंपनीला पगार द्यावाच लागतो. सवलत आहे ती कर्मचाऱ्याने स्वतः रजा मागितली तरच, आणि कंपनी नेमकी तेवढ्यासाठीच ती सही मागतेय. त्यापेक्षा काढून टाकलं तर साठ दिवसांपर्यंत दुसरी नोकरी शोधायला मिळतात. ते वाईटच, पण निदान कागदावर खरं लिहिलेलं असेल. टाळेबंदीत लेबर डिपार्टमेंटचं तिच्या कामाचं कार्यालय ऑक्टोबरभर बंद होतं, म्हणजे नवी कंपनी मिळाली असती तरी कागद पुढे सरकला नसता. एका टाळेबंदीत ती दोन्हीकडून अडकली. आपल्या मंडळातल्या निम्म्या मुलांची हीच गत आहे आणि मंडळ नाटकाची तिकिटं विकतंय. तिकीट मीही घेतलंय, ते सोड.

राहू की सोडू? तुझ्या जागी मी असते तर राहिले असते, पण हे उत्तर तू माझ्याकडून घेऊ नकोस, कारण मी प्रत्येक वेळी राहिलेच असते. तुझं काम तुला आवडतं का, हे तू निरोपात लिहिलंच नाहीस. मी विचारत नाही. ते कुठल्या चौकटीत नसतं, आणि मला चौकटीपलीकडचं फारसं कळत नाही असं घरात सगळे म्हणतात. पण सोडायचंच असेल तर १ हातात घेऊन सोड. नोंद दुरुस्त होऊन नवा एसएफ-५० छापून येईपर्यंत राजीनाम्याचा 'र' काढू नकोस. डिफर्ड रेझिग्नेशनसारखं, म्हणजे आत्ता राजीनामा आणि पुढचे काही महिने घरबसल्या पगार असं, काही परत आलं तरी. या वर्षी दीड लाखाच्या आसपास लोकांनी ते घेतलं. त्यांतल्या काहींनी विचार करून घेतलं, त्यांचं भलं होवो. काहींनी मथळा वाचून घेतलं.

शनिवारी दोघं जेवायला या. झुणका-भाकरी करते. येताना एसएफ-५० च्या प्रती आण, सगळ्या, पहिल्यापासूनच्या. आणि तिला सांग, तिच्या कंपनीचं हँडबुक आणि नेमणुकीचं पत्र घेऊन ये.

तुझी,
मावशी

ता. क. बेकारभत्त्याची परतफेड चेकने करणार असशील तर चेकचीही प्रत काढ.